वाढीव जागेवर प्रवेश घेण्याआधी

प्रवेशाच्या हंगामात एक बातमी ठरलेली असते: अमुक महाविद्यालयाच्या जागा वाढल्या. कुठे शंभराच्या दीडशे, कुठे साठच्या एकशेवीस. दोन-चार गुणांनी यादीबाहेर राहिलेल्या मुलाच्या घरी त्या दिवशी आनंद असतो. काही आठवड्यांनी दुसरी बातमी येते: वाढीव जागांना हरकत, प्रकरण उच्च न्यायालयात, पुढची तारीख अमुक. तोवर फी भरलेली असते, वसतिगृहात खोली घेतलेली असते आणि दुसऱ्या महाविद्यालयातली हातातली जागा सोडून दिलेली असते. हे नुकसान बहुतेक वेळा टाळता येतं आणि त्यासाठी वकील लागत नाही. चार कागद मिळवावे लागतात आणि ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे लागतात.

प्रवेश घेताना आपण महाविद्यालयाचं नाव बघतो, शाखा, फी, घरापासूनचं अंतर, गेल्या वर्षीच्या नोकऱ्या बघतो. जागा कोणत्या परवानगीवर उभी आहे, हे कुणी विचारत नाही. जुन्या जागांच्या बाबतीत त्याने फारसं बिघडत नाही, त्या वर्षानुवर्षं भरल्या जात असतात. वाढीव जागा नवी असते, तिच्यामागचा कागदही नवा असतो आणि त्यावर कुणाची तरी सही राहिलेली असू शकते.

ही सही कुणाची, तर एकाची नाही. वैद्यकीय महाविद्यालयाला जागा वाढवायच्या असतील तर राज्य सरकारचं आवश्यकता प्रमाणपत्र लागतं, विद्यापीठाची (आपल्याकडे नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची) संलग्नतेला संमती लागते आणि शेवटचा शब्द राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा असतो. अभियांत्रिकीत अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद, म्हणजे सगळे जिला एआयसीटीई म्हणतात ती, तिच्या जोडीला विद्यापीठ आणि राज्याचं तंत्रशिक्षण संचालनालय. फार्मसीला फार्मसी कौन्सिल, बीएडला राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद (एनसीटीई), कायद्याला बार कौन्सिल. साध्या कला-वाणिज्य-विज्ञान महाविद्यालयात वाढीव तुकडी हवी असली तरी महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, 2016 च्या कलम 109 ची वाट धरावी लागते, आणि विद्यापीठाच्या बृहत् आराखड्यात त्या तुकडीला जागा असावी लागते.

इतक्या सह्या का, असा प्रश्न पालकांच्या मनात येतो. त्यामागे अनुभव आहे. मान्यता नसलेल्या संस्थांनी मुलं भरायची, मग परीक्षेच्या तोंडावर न्यायालयात जायचं आणि मुलांकडे बोट दाखवून दया मागायची, असा प्रकार महाराष्ट्रात डीएडच्या बाबतीत झाला होता. 1992 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विकास साहेबराव राऊंदळे प्रकरणात ही दया नाकारली. मान्यता नसलेल्या संस्थेतल्या विद्यार्थ्यांना परीक्षेला बसवण्याचा आदेश चुकीचा ठरला. त्याच सुमारास केंद्राने वैद्यक परिषद कायद्यात कलम 10 अ आणून जागावाढीला पूर्वपरवानगी सक्तीची केली. सोबतच्या 10 ब ने तर परवानगीविना वाढवलेल्या जागेवर शिकलेल्याची पदवीच मान्य धरायची नाही, असं ठरवलं. तो जुना कायदा आता गेला आहे. 25 सप्टेंबर 2020 पासून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा 2019 चा कायदा लागू आहे, पण पूर्वपरवानगीची अट त्याच्या कलम 28 मध्ये कायम आहे.

या कलम 28 मधल्या मुदती पालकांनी एकदा नजरेखालून घालाव्यात. आयोगाच्या मूल्यांकन मंडळाला अर्जावर निर्णय घ्यायला सहा महिने. नकार आला किंवा सहा महिन्यांत काहीच कळलं नाही तर महाविद्यालयाला आयोगाकडे अपील करायला पंधरा दिवस. आयोगाला निर्णयासाठी पंचेचाळीस दिवस. तिथेही नकार आला तर केंद्र सरकारकडे दुसरं अपील, त्यासाठी तीस दिवस. ही बेरीज नऊ महिन्यांवर जाते आणि त्यानंतर उच्च न्यायालय उरतंच. म्हणून ऐन प्रवेश फेऱ्यांच्या काळात काही महाविद्यालयांच्या जागा लटकलेल्या दिसतात. 2014 च्या आधी देशात एमबीबीएसच्या 51,348 जागा होत्या, 2024 मध्ये त्या 1 लाख 12 हजारांवर गेल्या. इतक्या वेगाने जागा वाढत असताना वादही वाढणार, हे गृहीत धरून चालावं.

आता वाद होतात कसे ते पाहू, कारण वादाच्या प्रकारावर तुमची जोखीम ठरते.

पहिला प्रकार दोन सरकारी यंत्रणांमधल्या मतभेदाचा. राष्ट्रीय परिषद हो म्हणते आणि राज्य नाही म्हणतं. महाराष्ट्राने एकदा नव्या बीएड महाविद्यालयांची गरज नाही असं धोरण घेतलं होतं, तरीही एनसीटीईने मान्यता दिली. 2006 मध्ये संत ज्ञानेश्वर शिक्षणशास्त्र महाविद्यालयाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, संसदेच्या कायद्याने नेमलेल्या परिषदेचा निर्णय झाल्यावर राज्याला केवळ आपल्या धोरणाच्या आधारे तो अडवता येत नाही. केरळच्या जय गोकुळ प्रकरणात 2000 मध्ये एआयसीटीईच्या बाबतीत जवळपास हेच ठरलं होतं. हे वाचून परिषदेचं पत्र असलं की झालं असं वाटेल, पण तसं नाही. डिसेंबर 2020 मध्ये केरळच्याच एका तंत्रशास्त्र विद्यापीठाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, संलग्नता देताना विद्यापीठ एआयसीटीईपेक्षा वरचे निकष लावू शकतं. म्हणजे परिषदेचा होकार असूनही विद्यापीठाकडे गाडी अडू शकते. एआयसीटीईने 2024-25 पासून चांगली कामगिरी असलेल्या संस्थांसाठी एका शाखेतल्या जागांवरची कमाल मर्यादा उठवली, तेव्हा हैदराबाद परिसरातल्या महाविद्यालयांनी संगणक शाखेच्या जागा वाढवून घेतल्या, तेलंगणा सरकारने त्यांना संमती नाकारली आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. सरकारची एक चिंता फी प्रतिपूर्तीच्या बोजाची होती. आपल्याकडेही संगणक आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या शाखांमध्ये जागा झपाट्याने वाढत आहेत. तेव्हा हा प्रश्न फक्त तेलंगणाचा मानू नये.

कधी कधी वाद दोन परिषदांमध्येच असतो. फार्मसीच्या जागा कुणी ठरवायच्या, एआयसीटीईने की फार्मसी कौन्सिलने, याचा निकाल विदर्भातल्या एका फार्मसी संस्थेच्या प्रकरणात मार्च 2020 मध्ये लागला: शब्द फार्मसी कौन्सिलचा, प्रवेश क्षमतेबाबतही. म्हणून आज फार्मसीला प्रवेश घेणाऱ्याने एआयसीटीईचं जुनं पत्र दाखवणाऱ्या महाविद्यालयाला थांबवून कौन्सिलचं पत्र मागावं. पुढे कौन्सिलनेच नव्या महाविद्यालयांवर घातलेली पाच वर्षांची बंदी सप्टेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. संस्था काढण्याचा घटनादत्त हक्क नुसत्या ठरावाने रोखता येत नाही, कायदाच हवा, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. कायद्याच्या शिक्षणातही बार कौन्सिलने ऑगस्ट 2025 मध्ये तीन वर्षांसाठी नव्या महाविद्यालयांना मनाई केली आणि पूर्वसंमतीशिवाय नवी तुकडी सुरू करायची नाही असं बजावलं. एलएलबीची नवी तुकडी दाखवणाऱ्या महाविद्यालयाकडे ही लेखी संमती मागायलाच हवी.

दुसरा प्रकार नियामक विरुद्ध महाविद्यालय. इथे कधी महाविद्यालय चुकतं, कधी नियामक. धुळ्यातल्या एका खासगी वैद्यकीय महाविद्यालयाला जागा 100 वरून 150 करायला परवानगी मिळाली होती. जानेवारी 2022 मध्ये आयोगाच्या पथकाने अचानक तपासणी केली आणि नंतर परवानगी काढून घेतली. प्रकरण औरंगाबाद खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात गेलं. बालरोग विभागात दाखल मुलं ठणठणीत होती, हे तपासणीत आढळल्याचं वाचून न्यायमूर्ती अचंबित झाले. तपासणी संक्रांतीच्या सुट्टीच्या दिवशी झाली, असा बचाव होता. आजार संक्रांतीला थांबत नाहीत, असं उत्तर खंडपीठाकडून आलं. दुसरीकडे, केरळमधल्या एका महाविद्यालयाला 150 वरून 250 जागांची परवानगी 2023 मध्ये देऊन आयोगाने काही आठवड्यांत मागे घेतली. तो वाद आयोगाने सर्वोच्च न्यायालयापर्यंत ताणला. सप्टेंबर 2024 मध्ये आयोगाचं अपील फेटाळलं गेलं आणि आयोगालाच दहा लाखांचा खर्च भरावा लागला. त्यामुळे परवानगी काढली म्हणजे महाविद्यालय खोटं, असं लगेच समजू नये. परवानगी मिळाली म्हणजे सगळं पक्कं, असंही समजू नये.

तिसरा प्रकार विद्यार्थी विरुद्ध विद्यार्थी, आणि तो फार कमी जणांच्या लक्षात येतो. जागा उशिरा वाढल्या की त्या शेवटच्या फेरीत येतात. वरच्या गुणवत्तेच्या मुलांनी आधीच्या फेरीत जे मिळालं ते घेतलेलं असतं आणि त्यांना पुढच्या फेरीत जायला मनाई असते. मग नव्याने आलेली चांगली जागा खालच्या क्रमांकाच्या मुलाला मिळते. पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशाच्या नीट पीजी 2021 च्या मॉप-अप, म्हणजे उरलेल्या जागांच्या फेरीत अशा 146 नव्या जागा घातल्या गेल्या. 31 मार्च 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती फेरी रद्द केली आणि त्या 146 जागांसाठी खास फेरी घेऊन आधीच्या फेरीतल्या विद्यार्थ्यांनाही संधी द्यायला सांगितलं. मॉप-अपमध्ये प्रवेश मिळाला म्हणून आनंदात असलेल्यांचा प्रवेश त्या आदेशाने गेला. जागा खरी होती, परवानगीही खरी होती, चुकलं होतं ते वाटप. उशिरा आलेल्या जागेवर प्रवेश घेणाऱ्याने ही शक्यता मनात ठेवावी.

एवढं झाल्यावर अंतरिम आदेशाकडे येतो, कारण खरा फास तिथे असतो.

महाविद्यालय न्यायालयात जातं, सुनावणीला वेळ लागणार असतो, प्रवेशाची मुदत संपत आलेली असते. मग न्यायालय कधी कधी सांगतं: तूर्त प्रवेश द्या, पण ते याचिकेच्या अंतिम निकालाच्या अधीन राहतील. महाविद्यालय दुसऱ्या दिवशी फलक लावतं की न्यायालयाने वाढीव जागांना मंजुरी दिली. हे खरं नसतं. न्यायालयाने मंजुरी दिलेली नसते, निर्णय पुढे ढकललेला असतो. निकाल विरुद्ध गेला तर ती जागा कायद्याच्या दृष्टीने नव्हतीच, असं म्हणण्याची वाट मोकळी राहते.

भुवनेश्वरच्या एका वैद्यकीय संस्थेत 2015-16 साली हेच घडलं. उच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशावर वाढीव 50 जागा भरल्या गेल्या. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा आदेशांवर कडक शब्दांत नाराजी व्यक्त केली आणि संस्थेवर पाच कोटी रुपयांचा खर्च बसवला. मुलांचा दोष नाही म्हणून त्यांचे प्रवेश वाचले आणि हा पैसा मुलांकडून वसूल करायचा नाही असंही बजावलं गेलं. पण ही मुलं वाचली ती न्यायालयाच्या सहानुभूतीमुळे, हक्काने नव्हे. उत्तर प्रदेशातल्या एका महाविद्यालयाने समुपदेशनाबाहेर स्वतःच भरलेल्या 132 विद्यार्थ्यांची गोष्ट पाहा. फेब्रुवारी 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संस्थेला पाच कोटींचा दंड केला. विद्यार्थ्यांना पुढे शिकू दिलं, पण पदवीनंतर दोन वर्षं समाजसेवा करण्याच्या अटीवर. कायदेशीर वाटेने आलेल्या मुलाला जी अट नाही, ती या मुलांच्या गळ्यात पडली. माझं मत स्पष्ट आहे: हातात दुसरी पक्की जागा असेल तर अंतरिम आदेशावरच्या जागेला हात लावू नये, मग ते महाविद्यालय कितीही नावाजलेलं असो. दुसरं काहीच हातात नसेल, वर्ष वाया जाणार असेल, तर विचार करावा, पण काय पणाला लावतो आहोत हे जाणून.

तर मग कागद कोणते बघायचे?

राज्याच्या सीईटी कक्षाच्या सीट मॅट्रिक्सपासून, म्हणजे महाविद्यालयवार जागांच्या तक्त्यापासून, सुरुवात करा. तुम्ही ज्या फेरीत आहात त्या फेरीच्या मॅट्रिक्समध्ये ती वाढीव जागा दिसते का, आणि दिसत असेल तर खाली तळटीप आहे का, ते पाहा. देशपातळीवरच्या वैद्यकीय जागांसाठी आणि अभिमत विद्यापीठांसाठी केंद्राच्या वैद्यकीय समुपदेशन समितीचं (एमसीसी) मॅट्रिक्स पाहावं लागेल. जागा मॅट्रिक्समध्ये नाही, पण महाविद्यालय म्हणतं, "आमच्याकडे या, आम्ही करून देतो", तर तिथून निघावं. महाराष्ट्रात खासगी विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांसाठी 2015 चा कायदा आहे. प्रवेश केंद्रीभूत पद्धतीने झाले पाहिजेत, संस्थास्तरावरच्या जागाही गुणवत्तेनेच भरल्या पाहिजेत आणि प्रत्येक प्रवेशाला प्रवेश नियामक प्राधिकरणाची मान्यता मिळाली पाहिजे.

मग परिषदेचं पत्र मागा. एआयसीटीई दरवर्षी महाविद्यालयाला मान्यतावाढीचं पत्र देते, त्यात शाखा आणि मंजूर प्रवेश क्षमता छापलेली असते. वैद्यकीयमध्ये परवानगीचं पत्र असतं, ज्याला सगळे एलओपी म्हणतात. या पत्रात तीन गोष्टी तपासा: शैक्षणिक वर्ष कोणतं, अभ्यासक्रम नेमका कोणता, आकडा किती. गेल्या वर्षीचं पत्र या वर्षी कामाचं नाही, कारण वाढीव जागांची परवानगी काही वर्षं दरसाल नव्याने घ्यावी लागते. "अर्ज केला आहे", "तपासणी झाली आहे", "पत्र दोन दिवसांत येतंय", ही वाक्यं परवानगी नव्हेत. पत्र परिषदेच्या किंवा आयोगाच्या संकेतस्थळावर स्वतः शोधून पाहा. महाविद्यालयाने व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोवर थांबू नका.

त्यानंतर विद्यापीठाचं संलग्नतेचं पत्र, त्याच वाढीव आकड्याचं. इथे पालक हमखास घसरतात. परिषदेचं पत्र बघून समाधान होतं आणि विद्यापीठाची संलग्नता जुन्याच आकड्याची निघते. मग पहिल्या वर्षाच्या परीक्षेचा अर्ज भरताना काही मुलांना विद्यापीठाकडून पात्रता मिळत नाही, कायम नोंदणी क्रमांक (पीआरएन) येत नाही. एआयसीटीईच्या कामाला शिस्त लागावी म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये ठाण्याच्या एका संस्थेच्या प्रकरणात वेळापत्रकच आखून दिलं होतं: परिषदेची मान्यता 10 एप्रिलपर्यंत, विद्यापीठाची संलग्नता 15 मेपर्यंत. करोनाच्या काळात न्यायालयाच्या परवानगीने तारखा पुढे गेल्या, पण क्रम तोच आहे. आधी मान्यता, मग संलग्नता, मग प्रवेश. हा क्रम उलटा दिसला की सावध व्हावं.

आणि न्यायालयाचा आदेश. महाविद्यालयाचं किंवा त्याच्या संस्थेचं नाव टाकून मुंबई उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर प्रकरणाची स्थिती कुणालाही फुकट बघता येते. आदेश इंग्रजीत असतो आणि पाने बरीच असतात. सगळी वाचायची गरज नाही, शेवटची दोन पाने वाचा, हुकूम तिथे असतो. प्रवेश निकालाच्या अधीन आहेत का, विद्यार्थ्याला नंतर कोणताही हक्क सांगता येणार नाही असं लिहिलं आहे का, पुढची तारीख प्रवेशाची मुदत संपण्याआधी आहे की नंतर, एवढं शोधा. इंग्रजी जड जात असेल तर तालुक्याच्या न्यायालयात बसणाऱ्या कुठल्याही वकिलाकडून अर्ध्या तासात समजून घेता येईल.

काही महाविद्यालयं अशा वेळी मुद्रांकावर हमीपत्र लिहून घेतात: निकाल विरुद्ध गेल्यास माझी तक्रार राहणार नाही, फी परत मागणार नाही. असं हमीपत्र पुढे आलं की समजावं, महाविद्यालयालाही खात्री नाही. कोऱ्या कागदावर सही करू नये. भरलेल्या कागदावर केलीच, तर त्याची झेरॉक्स तिथेच मागून घ्यावी. फी परत मागणार नाही हे वाक्य खोडायला लावावं. न खोडल्यास तसं ईमेलने कळवून ठेवावं, म्हणजे पुढे नोंद राहते.

पसंतीक्रम भरताना एक गोष्ट विसरू नका. केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत (कॅप) पुढच्या फेरीत वरचा पर्याय मिळाला की आधीची जागा आपोआप सुटते. वादातली जागा पसंतीक्रमात पक्क्या जागेच्या वर टाकली तर पक्की जागा तुम्हीच सोडलेली असते, कुणी काढून घेतलेली नसते. ज्या जागेबद्दल शंका आहे ती यादीत खाली ठेवा, किंवा टाकूच नका.

पैशाबद्दल थोडक्यात. फी द्यायची ती शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवलेली तेवढीच, वाढीव जागेसाठी वेगळा दर नसतो. एका वेळी एकाच वर्षाची फी भरा. एका वर्षापेक्षा जास्त मागायची नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्येच इस्लामिक अकॅडमी प्रकरणात सांगितलं आहे. पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका. देणगी मागणं महाराष्ट्रात 1987 च्या कॅपिटेशन फी प्रतिबंध कायद्याने गुन्हा आहे. मूळ गुणपत्रिका महाविद्यालयाने अडकवून ठेवायच्या नाहीत, दाखवून परत घ्यायच्या. एआयसीटीईच्या नियमांनुसार मुदतीआधी प्रवेश रद्द केल्यास प्रक्रियेपोटी हजार रुपयांपर्यंत कापून बाकी परत मिळायला हवेत. शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीवर तुमचं गणित बसलेलं असेल तर प्रवेश कॅपमधूनच हवा, संस्थास्तरावरची वाढीव जागा त्यात बसत नाही.

एवढी काळजी घेऊनही अडकलात तर?

सगळ्यात आधी वेळ. प्रवेशाच्या वादात आठवडाभर थांबणं म्हणजे प्रकरण निम्मं हरणं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2019 मध्ये एस. कृष्णा श्रद्धा प्रकरणात ठरवून दिलं आहे की, यंत्रणेच्या चुकीने गुणवत्तेतल्या विद्यार्थ्याचा प्रवेश हुकला, त्याची स्वतःची चूक नसेल आणि तो लगेच न्यायालयात आला असेल, तर अपवादात्मक प्रकरणांत त्याला त्याच वर्षी प्रवेश देता येईल, त्यासाठी एक-दोन जागा वाढवूनही. ते जमलं नाही तर पुढच्या वर्षी जागा देता येईल, शिवाय भरपाईही. पुढच्याच वर्षी तेलंगणातल्या एका पदव्युत्तर वैद्यकीय विद्यार्थिनीला या आधाराने पुढच्या सत्रात जागा आणि दहा लाख रुपये भरपाई मिळाली. पण "लगेच" या शब्दाला इथे फार वजन आहे. महिनाभर महाविद्यालयाच्या आश्वासनावर बसून राहिलेल्या मुलाला हा निकाल क्वचितच तारतो.

म्हणून ज्या दिवशी नकार कळेल त्याच दिवशी लेखी तक्रार करा: महाविद्यालयाकडे, सीईटी कक्षाकडे, प्रवेश नियामक प्राधिकरणाकडे, ईमेलने, तारखेसह. दोन-तीन दिवसांत उत्तर नाही आलं तर उच्च न्यायालय. घटनेच्या अनुच्छेद 226 खालची रिट याचिका कुठे करायची हे जिल्ह्यावर ठरतं: विदर्भ नागपूरला, मराठवाडा, धुळे, अहिल्यानगर औरंगाबाद खंडपीठाकडे, गोव्यासाठी पणजी. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गसाठी 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं आहे. एकाच महाविद्यालयातली दहा-बारा मुलं मिळून एक याचिका करू शकतात, खर्च वाटला जातो. याचिका महाविद्यालयाने आधीच केलेली असेल तर तिच्यात विद्यार्थी म्हणून सहभागी व्हायचा अर्ज करावा. महाविद्यालयाचा वकील महाविद्यालयाची बाजू मांडतो, तुमची नव्हे. महाविद्यालयाला जागा टिकवायच्या असतात, तुम्हाला वर्ष टिकवायचं असतं. शेवटी दोघांचे रस्ते वेगळे होऊ शकतात.

प्रवेश झाल्यावर, वर्ष सुरू असताना परवानगी गेली, तर घाबरून प्रवेश रद्द करू नका. 2017 मध्ये पंजाबातलं एक खासगी वैद्यकीय महाविद्यालय बंद पडलं, तेव्हा तिथली मुलं राज्यातल्या इतर महाविद्यालयांत सामावून घेतली गेली. अशा वेळी ज्याच्याकडे कागद असतात त्याचं काम होतं: ओळखपत्र, हजेरी, फीच्या पावत्या, सीईटी कक्षाचं जागावाटपाचं पत्र, पीआरएन, परीक्षेचं प्रवेशपत्र. वर्गात जात राहा, हजेरी तुटू देऊ नका आणि या सगळ्याची एक प्रत घरी ठेवा.

महाविद्यालय चालवणाऱ्यांनाही एक विनंती. पत्र हातात येण्याआधी जाहिरात करू नका आणि याचिका चालू असेल तर प्रवेशाच्या वेळी मुलाला लेखी सांगा. संस्थांना पाच-पाच कोटींचे दंड झाले आहेत, हे विसरू नका.

आणि एक मागणी सीईटी कक्षाकडे, जी पालकांनीही लावून धरावी. मॅट्रिक्समध्ये प्रत्येक वाढीव जागेसमोर परिषदेच्या पत्राचा क्रमांक आणि तारीख, विद्यापीठाच्या संलग्नतेचा क्रमांक आणि याचिका प्रलंबित असेल तर तिचा क्रमांक ठळक अक्षरांत छापावा. ही सगळी माहिती शासनाकडे असतेच. ती पसंतीक्रम भरायच्या आधी मुलांना मिळाली पाहिजे, आणि ती मिळेपर्यंत प्रवेशाच्या खिडकीवर उभं राहून हे तिन्ही क्रमांक मागण्यात तुम्ही जराही संकोच करू नका.